तात्पुरता खुंटा

मी सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले सहा दात इथल्या इथं गळून पडोत. पडले तर मोजून घ्या. "असं कुठं असतं का?" म्हणून मधेच नाक मुरडायचं असेल त्यानं आत्ताच उठावं, म्हणजे मागच्याला पाय पसरता येतील. असतं असं. धक्क्याच्या पायरीवर बसून मी सगळं बघितलंय.

होडी होती शिडवालीच्या बापाची. शिडवाली म्हणजे धक्क्यामागच्या गल्लीत शिडं शिवायची ती. वय पंचावन्न. बोटांना असे घट्टे पडलेले की चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची. एकदा जाड सुई तिच्या अंगठ्यात घुसायला गेली, तर सुईच वाकली. तीच सुई पुढं तिनं मासे पकडायला गळ म्हणून वापरली.

तिच्या बापाला सगळा गाव 'तात्पुरते' म्हणायचा. आडनाव नव्हे ते. काही मोडलं की तो माणूस हाताला लागेल ते ठोकून बसवायचा आणि म्हणायचा, "तात्पुरतं आहे, नंतर बघू." घराच्या मागच्या दाराला चपलेच्या पट्ट्याची बिजागरी होती, तात्पुरती, एकतीस वर्षं. जेवायच्या बाकाचा चौथा पाय म्हणजे वल्ह्याचा तुकडा. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, तरी घर अजून त्याच्या तात्पुरत्यावर उभं होतं.

होडीही त्यातलीच. लाकडी, एका शिडाची, सहा माणसांची. अंग अजून खणखणीत, पण वरचं लोखंडी सामान पार झिजलेलं. दोर गुंडाळायचे खुंटे डुगडुगायचे, दोर सरकायच्या कड्या घासून घासून पातळ झालेल्या. आणि मधली कप्पी तर दोर ओढला की अशी किंचाळायची, की पलीकडच्या दिवादांडीवरचा ठार बहिरा म्हातारा दार उघडून विचारायचा, "कोण आलं?"

त्याच पलीकडच्या काठावर आत्या राहायची. तात्पुरत्यांची धाकटी बहीण. खाडी काही मोठी नव्हे. आत्यानं दोरीवर काय वाळत घातलंय ते इकडच्या पायरीवरून दिसायचं. पण अडतीस वर्षांत आत्यानं इकडं पाऊल ठेवलं नव्हतं.

कारण एक पर्स.

शिडवालीच्या आईची पर्स. लाल कातड्याची, पितळी चापाची, कोपऱ्यात एक पान ठसवलेलं. आईला तिच्या आईनं दिलेली. एके दिवशी ती खुंटीवरून नाहीशी झाली. पाहुणी म्हणून घरात तेव्हा एकटी आत्या. आईनं सगळं घर उलटंपालटं केलं, आणि मग आत्याकडं न बघता म्हणाली, "पर्सला काही पाय फुटत नाहीत, वन्सं."

आत्यानं हातातली वाटी खाली ठेवली, पिशवी भरली आणि धक्क्यावर गेली. तिथून म्हणाली, "आता या घरात येईन ती दादाच्या होडीतून येईन. आणि वहिनी स्वतः न्यायला आली तरच."

आई दारातून म्हणाली, "माझी पर्स सापडली की त्याच दिवशी येते न्यायला."

झालं. तात्पुरते तिथंच उभे होते, हातात हातोडी. एक अक्षर बोलले नाहीत.

त्या वेळी शिडवाली सतरा वर्षांची, तिचा भाऊ तेराचा. दोघं पुढं आत्याकडं जात-येत राहिली, बसनं, लांबच्या पुलावरून. पोरांना बंदी नव्हती. पण दोन म्हाताऱ्या आपापल्या काठावर बसल्या त्या बसल्याच. दोघींची वयं मिळवली तर एकशे बासष्ट. हट्ट मिळवला असता तर त्यात तिसरी म्हातारी झाली असती.

आणि आता आत्या कायमची निघाली होती. तिची लेक तिला लांबच्या शहरात न्यायला येणार होती, येत्या सोमवारी. घर रिकामं करायला घेतलेलं. शिडवाली आत्याच्या स्वैपाकघरातली भांडी खोक्यात भरू लागली, तेव्हा आत्या सहज विचारावं तसं म्हणाली, "होडी चालते का गं अजून दादाची?"

एवढंच. पण शिडवालीला परत येताना बसमध्ये तेवढंच ऐकू येत राहिलं. रविवारपर्यंत आईला होडीत बसवायचं आणि पलीकडं न्यायचं, काहीही थाप मारून, एवढं तिनं मनाशी धरलं.

मंगळवारी धक्क्यावरचा साहेब आला. हंगामाआधी सगळ्या होड्या तपासायचा. शिडवालीच्या होडीवर चढला, मागच्या खुंट्याला दोन बोटं लावली आणि उचलला. खुंटा दुधाच्या दातासारखा हातात आला. भोकातून ओला भुसा गळला.

धक्क्यावर सात-आठ जण उभे होते. कुणीतरी म्हणालं, "साहेब, हळू. तात्पुरता आहे तो."

सगळे हसले. शिडवालीही हसली, पण तिचे कान तापले. साहेबानं खिशातून लाल खडू काढला आणि चार ठिकाणी फुल्या मारल्या: मागचे दोन्ही खुंटे, डाव्या बाजूची कडी, मधली कप्पी. पुढच्या खुंट्याला त्यानं लाथ मारून बघितली. तो हलला नाही.

"हा पक्का आहे," साहेब म्हणाला. "ते चार बदला. रविवारी सकाळी बघतो. तोवर होडी पाण्यावर सुटली तर मी ती वर ओढून ठेवीन."

"रविवारी सकाळी नक्की?"

"नऊला. चहा पिऊन."

शिडवालीनं भावाला बोलावणं धाडलं. भाऊ शाळेत गणित शिकवून मुदतीआधीच निवृत्त झालेला. बहीणही त्याला मास्तरच म्हणायची. पोट सुटलेलं, गुडघे गेलेले, पण खिशात मोजपट्टी कायम. तो आला, चष्मा पुसला, चारही फुल्यांपाशी वाकून भोकं मोजली, वहीत आकृत्या काढल्या आणि बुधवारी दोघं सामानवाल्याच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे बोळ. दोन्हीकडं साखळ्या, कप्प्या, कड्या लटकलेल्या. शिडवालीला तो वास लहानपणापासून आवडायचा. बाप तिला खांद्यावर बसवून इथं आणायचा आणि काही न घेताच परत न्यायचा. "घरात आहे काहीतरी," म्हणायचा.

मास्तरांनी वहीतलं माप वाचलं. सामानवाल्यानं फळीवरून नवा खुंटा काढला, दोन शिंगांचा, चकाकता. मास्तरांनी तो जुन्यावर ठेवला. भोकाला भोक जुळेना.

"माप चुकलं," सामानवाला म्हणाला.

"माझं माप चुकत नाही. पंचवीस वर्षं शिकवलंय."

"मास्तर, तुम्ही भोकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलंत. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं असतं. भोक झिजून मोठं झालंय, म्हणजे कडा कुठंही जाईल. मध्य जाईल का?"

मास्तरांनी वही मिटली. दुकानातला पोऱ्यासुद्धा भिंतीकडं तोंड करून हसला. शिडवालीनं जुना खुंटा पदरात धरला आणि म्हणाली, "त्याला वर्गात कुणी विचारलं नव्हतं हो हे. द्या बरोबरचं."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "ताई, हे आईला सांगू नकोस."

"तिला कळलंही असेल एव्हाना."

गुरुवारी काम सुरू झालं. काम कसं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खुंटा वरून बोल्टानं धरलेला असतो, आणि बोल्टाचा नट असतो फळीच्या खाली, होडीच्या पोटात. म्हणून दोघं लागतात. एकानं आत शिरून नट पान्यानं धरायचा, दुसऱ्यानं वरून फिरवायचं. आत शिरायचं ते झाकणातून. शिडवालीच्या कमरेत आदल्या वर्षापासून उसण भरायची, म्हणून मास्तर शिरले. पाय आत गेले, पोट अडलं.

"श्वास सोडा मास्तर."

"सोडलाय."

"अजून सोडा. जेवणाआधीचाही सोडा."

ते आत गेले खरे, पण तासभर नटाला हात लागला नाही. आतून नुसतं कण्हणं. गंजून नट आणि बोल्ट एक झालेले. तेल पाजलं, हातोडीनं टकटक केलं, शेवटी शिडवालीनं पान्याला नळी अडकवून दोन्ही पायांनी रेटा दिला. बोल्ट तुटला आणि असा उडाला की धक्क्यावर साहेब चहा पीत होता त्याच्या कपात पडला. साहेबानं चहा संपवला आणि बोल्ट परत पाठवला. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तोवर आई आली. घरातलं छोटं स्टूल घेऊन, काठी टेकत, त्र्याऐंशी वर्षांची. पायरीवर स्टूल मांडून बसली. होडीत ती अडतीस वर्षं बसली नव्हती, पण होडीवर कोण काय करतंय ते बघितल्याशिवाय एक दिवस गेला नव्हता.

"तुझ्या बापानं दुपारच्या आत काढला असता," ती म्हणाली.

"त्यांनीच लावलाय म्हणून निघत नाहीये," आतून मास्तर म्हणाले.

खुंटा सुटला. त्याच्या खाली पाणी झिरपू नये म्हणून काहीतरी मऊ दाबून बसवायचं असतं. हल्ली नळीतून पिळायची रबरी लांबी मिळते. तात्पुरत्यांच्या काळीही मिळायची. पण घरात काहीतरी असायचं ना. शिडवालीनं पटाशीनं खरवडलं, तर डांबरात माखलेला एक कातडी तुकडा निघाला. सहा कोनांचा. तिनं तो पुसून झाकणातून आत दिला.

मास्तरांनी तो बोटांनी चाचपला. मग मास्तर म्हणाले, "ताई, हा माझा फुटबॉल आहे."

"असेल."

"शेजारच्यांच्या कुत्र्यानं फाडला असं मला सांगितलं होतं. मी त्या कुत्र्याशी दोन वर्षं बोललो नाही."

आई स्टुलावर हसायला लागली, पदर तोंडाला लावून. हसताना तिचा जुना चेहरा दिसला. बाप होडीतून ओला होऊन आला की ती तशी हसायची.

दुपारी दुसरा खुंटा निघाला. त्याच्याखाली शेकायच्या रबरी पिशवीचा तुकडा. त्या पिशवीसाठी घरात एक पावसाळाभर भांडण झालं होतं. मग कुजलेलं लाकूड कोरून काढलं, भोकांत लाकडी गुल्ल्या सरस लावून ठोकल्या, वाळायला ठेवल्या. शिडवालीचे खांदे भरून आले. मास्तरांना बाहेर ओढताना त्यांच्या सदऱ्याची तीन बटणं होडीतच राहिली.

शुक्रवारी डावी कडी. तिच्याखाली पिवळं रबरी कापड, दुमडून चौपदरी. शिडवालीनं ते बोटांवर उलगडलं आणि तिला मांडीवर बसलेली चापट आठवली. शाळेतून येताना नवा रेनकोट हरवला म्हणून आईनं मारलेली. तिनं शपथा घेऊन सांगितलं होतं, मी खुंटीवर ठेवला होता. बाप तेव्हा ओसरीवर बसून दोर वळत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला स्वतःच्या कोटात गुंडाळून, पाठीवर घेऊन शाळेत सोडलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, माझ्या बापासारखा बाप कुणाला नाही. आता वाटलं, खरंच कुणाला नसेल.

"आई," ती म्हणाली, "माझा रेनकोट."

आईनं हात पुढं केला. पिवळा तुकडा घेऊन मांडीवर सरळ केला. आता ती हसली नाही. होडीच्या पुढच्या टोकाकडं बघत बसली.

मधली कप्पी निघाली तेव्हा तिच्याखाली जुन्या पायपुसण्याची चिंधी निघाली, पण आईनं विचारलंही नाही. स्टूल उचललं आणि घरी गेली. संध्याकाळी तिनं ताट तसंच ठेवलं.

"बरं नाही का?" शिडवालीनं विचारलं.

"पुढचा खुंटा त्यांनी कधी बसवला?" आई म्हणाली.

शिडवालीला उत्तर माहीत होतं. आत्या गेली त्याच आठवड्यात. आधीचा वादळात उखडला होता, बाप दोन दिवस ठोकाठोकी करत होता, आणि धक्क्यावरून आत्या निघाली तेव्हा त्याच्या हातात हातोडी होती. पण ती म्हणाली, "आठवत नाही गं. त्याला साहेबानं फुली मारलेली नाही. पक्का आहे तो. राहू दे."

"हं," आई म्हणाली. "राहू दे."

शनिवारी सकाळी शिडवाली धक्क्यावर गेली तर आई आधीच तिथं. स्टूल पुढच्या टोकापाशी मांडलेलं, मांडीवर मोठा पाना.

"काढा तो," आई म्हणाली.

मास्तर म्हणाले, "आई, उगाच कशाला? वेळ नाही. लांबी एक दिवस वाळावी लागते. पक्क्याला हात लावला आणि बिघडलं तर उद्या साहेब..."

"तू आत शीर."

"आणि समजा काही नसलं खाली?"

"नसलं तर माझं खरं होतं म्हणून घरी जाऊन झोपेन. शीर."

मास्तर शिरले. पुढच्या पोकळीत तर बसायलाही जागा नाही; आडवं पडून डोक्यावर हात घेऊन नट धरायचा. तो खुंटा निघता निघेना. बापानं आयुष्यात एकच गोष्ट पक्की बसवली होती ती ही. चार बोल्ट, चारही पिळून बसवलेले, वर डांबर. शिडवालीच्या तळहाताचे घट्टे फुटले. तिनं पहिल्यांदा फडकं गुंडाळलं. दोन बोल्ट कापावे लागले. चौथा निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि धक्क्यावरच्यांच्या हातातले चहा गार झाले होते. माशा उडवायचंही थांबले होते लोक.

शिडवालीनं पटाशी घालून खुंटा उचकटला. खाली काळं डांबर. डांबराच्या कडेला, नखाएवढं, लाल.

तिनं अंगानं आड करून बघितलं. मग आड करणं सोडलं आणि बाजूला झाली.

आईनं काठी टाकली. दोन्ही हात टेकून, गुडघ्यावर, त्या फळीपाशी वाकली आणि स्वतः तो तुकडा सोलून काढला. डांबरात राहून कातडं टणक झालेलं, पण धड. चार भोकं पडलेली. कोपऱ्यात पान. तिनं अंगठ्यानं पान घासलं, घासलं, शिरा दिसेपर्यंत.

आतून मास्तर ओरडले, "काय निघालं?"

आईनं ते पान पदराला पुसलं.

"घरात काहीतरी असतंच," आई शेवटी म्हणाली. नवऱ्याच्या सुरात म्हणाली, हुबेहूब. आणि मग तुकडा फळीवर थापला. "माझ्यासमोर जेवायचा रोज. अडतीस... बत्तीस वर्षं जेवला माझ्यासमोर. एकदा तोंड उघडलं नाही."

"घाबरले असतील गं."

"मला?"

शिडवालीनं वाकून आईची काठी उचलली.

काठी हातात घेत आई म्हणाली, "दर गुरुवारी म्हणायचा, वारा बघून येतो. आणि होडी घेऊन पलीकडं जायचा. मला काय कळत नव्हतं? मी डबा द्यायची तो दोन माणसांचा द्यायची. कधी म्हणाला नाही, एवढं कशाला. आणि डबा यायचा तो घासून, कोरडा करून. या माणसानं जन्मात भांडं घासलं नव्हतं."

शिडवालीला तो डबा आठवला. तीन पुड्यांचा, वरून फडकं बांधलेलं. आई गाठ मारायची ती पुढं, आणि परत यायची ती गाठ मागं. तेव्हा तिला ती गंमत वाटायची. बाप नसल्यापासून डबा फळीवर पडून होता.

नवा खुंटा बसवायची वेळ आली. मास्तर आतून म्हणाले, "लांबी संपत आलीय, पुढच्याला पुरणार नाही. तात्पुरतं रबर कापून..."

"तात्पुरतं काही नको," आई म्हणाली. "सामानवाल्याकडं जा. आणि माप मध्यापासून मध्यापर्यंत घे."

मास्तरांनी झाकणातून डोकं काढून बहिणीकडं बघितलं. बहीण आभाळाकडं बघत होती.

संध्याकाळच्या आत नवा खुंटा बसला. खाली जाड सागाची फळी, मधे भरपूर लांबी. पहिल्या दिवशी बोल्ट पुरता आवळायचा नसतो. लांबी जरा धरू द्यायची, मग दुसऱ्या दिवशी शेवटचा अर्धा वेढा. रविवारी सकाळी आठला तो अर्धा वेढा आईनं स्वतः दिला. नऊला साहेब आला. पाचही ठिकाणी ओढून, लाथ मारून बघितलं.

"हा पाचवा का बदलला? हा तर पक्का होता."

"फारच पक्का होता," आई म्हणाली.

आईला होडीत उतरवणं म्हणजे कपाट उतरवण्यासारखं झालं. मास्तरांनी खालून धरलं, शिडवालीनं वरून काखेत हात घातले, मधे आई दोघांना शिव्या देत. बसली मात्र अशी, जशी कालच उठून गेली होती. डाव्या बाजूला, डोलकाठीशी पाठ लावून, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. शीड वर गेलं. नव्या कप्पीचा आवाजच नाही. मास्तर म्हणाले, "चालू आहे ना ही?" वारं भरलं आणि होडी कलली. आईनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि पाण्यात एक हात सोडला. मनगटापर्यंत. कुणाला दिसू नये असा सोडला, पण शिडवालीला दिसला. सुकाणूवरचा तिचा स्वतःचा हात बापासारखाच सैल पडला, आपोआप.

आत्याच्या पायऱ्यांपाशी वारा आडवा झाला. होडी जोरात आली. शिडवालीनं पुढचा दोर फेकला, आत्यानं तो वरच्या वर झेलला, एकोणऐंशीव्या वर्षी, आणि पायरीवरच्या कड्याला दोन वेढे दिले. दोर ताणला. होडीचं, तीन माणसांचं, वाऱ्याचं सगळं ओझं त्या एका खुंट्यावर आलं. लाकूड कण्हलं. खुंटा हलला नाही. मास्तरांनी सोडलेला श्वास दिवादांडीपर्यंत गेला, बहिरा म्हातारा दार उघडून म्हणाला, "कोण आलं?"

"वहिनी आलीय," आत्या म्हणाली.

तिच्यामागं दार उघडं होतं. आत खोकी, दोरीनं बांधलेली गादी, रिकामी भिंत. आत्या एका पायरीवर बसली. आई होडीतच उभी राहिली, डोलकाठी धरून. तिनं कमरेतून तो लाल तुकडा काढला आणि पुढं केला.

"सापडली," आई म्हणाली. "चुकलं माझं, वन्सं."

आत्यानं तुकडा घेतला, चारही भोकांतून एकेक बोट घालून बघितलं.

"पुढच्या खुंट्याखाली होती ना?" ती म्हणाली.

आई म्हणाली, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"आठव्या दिवशी आला होता दादा. इथंच, या पायरीवर बसून रडला. म्हणाला, मला वाटलं जुनी आहे, कुणी वापरत नाही. कापल्यावर पान दिसलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? अडतीस वर्षं?"

"मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वहिनीला जाऊन सांग. तर माझे हात धरले." आत्या हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "म्हणाला, सांगतो गं. तू तात्पुरती गप्प बस."

मग दोघी ज्या हसल्या, ते हसणं इकडच्या धक्क्यावर ऐकू आलं. साहेब बाहेर येऊन बघून गेला. होडी परत आली तेव्हा चौघं होते तिच्यात, आणि एक माणूस जास्त असून पाण्यावर दोन बोटं वर तरंगत होती. आत्या रविवारची रात्र वहिनीच्या घरी राहिली, आणि सोमवारी लेकीबरोबर निघाली ती या धक्क्यावरून. आई पायरीवर उभी राहून हात हलवत होती. लाल तुकडा आत्याच्या पिशवीत होता.

आता शपथ घेतलीय आणि दात सहाच आहेत, म्हणून सांगून टाकते. बोल्ट चहात पडला ते खरं, सुई वाकली ते खरं. एकच गोष्ट मी पदरची घातली. "चुकलं माझं" असं आई म्हणाली नाही. तिच्यानं ते म्हणवलंच नसतं. तुकडा आत्याच्या हातात दिल्यावर तिनं खाली बसून फडक्याची गाठ सोडली, आतून तो तीन पुड्यांचा डबा काढला, आणि म्हणाली, "दोन माणसांचा आहे. नेहमीसारखा."